उभ्या अक्षाचं नाव

भाट्याच्या खाडीचं पाणी
सव्वीस बाटल्यांतून मोजून झालं होतं.
निळी रेघ तयार होती,
भरतीबरोबर चढणारी, ओहोटीला थोडी रेंगाळून उतरणारी,
बाजार उरकून राजिवड्याला परतणाऱ्या बायांसारखी.
फक्त अक्षांना नावं द्यायची राहिली होती.

पहिल्या छपाईत
उभ्या अक्षावर एक डॉलर उमटला. सुटा.
मागून डोकावत अब्बासचाचा म्हणाले,
"खाडीत डॉलर कधीपासनं गो?"
चूक माझी. ते जोडीनंच लागतात,
एक चिन्हाच्या अलीकडे, एक पलीकडे,
मी दुसरा विसरले होते.

मग ρ आला,
जाळ्यात शेपटीनं अडकावा तसा उभा.
मग घनमीटरच्या डोक्यावरचा उणे तीन:
त्याला महिरपी कंस घातला नाही
तर नुसतं उणे वर चढतं
आणि तीन खालीच राहतो,
तर सुटल्यावर धक्क्यावर उरलेल्या माणसासारखा.
मग ‰, हजारीचं चिन्ह, एक शून्य वर, दोन खाली.
मग Δ.
त्याला शीड म्हणायचा मोह मी आवरला.

रात्री साडेनऊला वाटलं, मराठीतही लिहावं.
‘क्षारता’चा क्ष फुटला:
आधी पायमोडका क, मग लांब कुठे तरी ष.
‘तिसऱ्या’ लिहिलं तर
वेलांटी त ला सोडून स ला बिलगली,
आणि अर्धा र पुरता होऊन बसला
पायाखाली ठिपका घेऊन.
ग्रीक पाहुणे धडधाकट,
घरच्यांचे हातपाय मोडलेले.
‘समुद्र’ फुटला.
‘दर्या’ही.

दुपारी होडीत चौदावी बाटली भरताना
चाचांनी बोट बुडवून जिभेला लावलं होतं.
"मचूळ," म्हणाले, आणि वल्हं उचललं.
यंत्रानं नंतर सांगितलं, अकरा पूर्णांक दोन.
आठवलं म्हणून, चाळा म्हणून,
आकड्यांच्या शेजारी मी टाइप केलं:
मचूळ.
अख्खं उतरलं.
वर खारं, खाली गोडं, तीही अख्खी.
मग मी बसलेच. भरती. ओहोटी. भांग. उधाण.
वाळू, गाळ, चिखल —
नाही, चिखल मोडला, त्याची वेलांटी पहिली.
पण खाडी टिकली.
कोळंबी टिकली.

दुसऱ्या दिवशी फॉन्ट बदलला,
जोडाक्षरं जुळली, तिसऱ्यांना पापणी परत मिळाली.
तरी ते तीन शब्द मी काढले नाहीत.
पाटणकर सरांनी तांबड्या शाईनं गोल केला:
मचूळचं एकक काय?
समासात मी लिहिलं, जीभ.
मग खोडलं.
शब्द मात्र ठेवला, तिरप्या ठशात,
शिंपल्यांची लॅटिन नावं ठेवतात तसा,
सवयीनं कुणी हात लावणार नाही म्हणून.

अहवाल गेला. कुठे गेला ते माहीत नाही.
एक प्रत सोसायटीच्या बर्फघरात लागली,
डिझेलच्या दरपत्रकाशेजारी, चार खिळ्यांवर.
बाया टोपल्या टेकवून बघतात,
खारं कुठवर आलंय,
मुळे काढायला केव्हा उतरायचं,
अंगठ्यानं अंतर घेतात.
अंगठ्याखालचा कागद आता मऊ पडलाय.

ओलाव्यानं आधी गेलं ते उणे.
इतकी बारीक रेघ, जाणारच.
घनमीटरच्या डोक्यावर नुसता तीन उरला
आणि सगळी घनता उलटीपालटी झाली,
त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.
परवा बर्फ आणायला गेले तर
निळ्या बॉलपेननं कुणी तरी ते पुन्हा काढलेलं,
जरा जाड, जरा तिरकं.
"आमची झुलेखा," चाचा म्हणाले,
"अकरावी सायन्स. म्हणते, ही आडवी काडी नसेल
तर पाणी वर तरंगेल, का असंच काही तरी."
मी म्हटलं, असंच काही तरी.
बर्फाची गोणी पाठीला लागली होती, थेंब गळत होते.
एक ओठावर आला.
गोडं.